साडू पाच पॉइंट एक

आमच्या साडूंनी गेल्या कित्येक वर्षांत एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. सुरुवातीपासूनही पाहिलेला नाही. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, बँकेतून आणलेली. तीत सिनेमाचं नाव, पुढे तास-मिनिट-सेकंद आणि त्यापुढे शेरा असतो : ‘हेलिकॉप्टर, मागून पुढे’, ‘पाऊस, चारी बाजू’, ‘दार, उजवं मागचं’. ज्या सिनेमात दार नुसतंच समोरून उघडतं, तो त्यांच्या लेखी पडेल.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ म्हणजे त्यांच्या मते किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांच्या डोक्यांवरून गोळ्या सुटतात तेवढाच. पुढे तो रायन सापडला की नाही, याची त्यांनी चौकशी केलेली नाही. ‘जुरासिक पार्क’मध्ये पेल्यातलं पाणी थरथरतं तिथे ते सुरू करतात आणि प्रत्यक्ष डायनॉसोर दिसायला लागला की बंद करतात. ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ या २००४ च्या चिनी सिनेमातला ढोलांचा प्रसंग तर मला आता पाठ झाला आहे. एक आंधळी नर्तकी मधोमध उभी. भोवती गोलाकार ढोल. एकजण दाणे भिरकावतो, ते ज्या ढोलावर आपटतील त्या ढोलावर तिने नेमका आपल्या लांब बाहीचा फटकारा मारायचा. दाणा टण्णकन आपल्या पाठीमागे आपटतो आणि आपण मान वळवतो. साडू आपली मान वळलेली बघतात आणि खूश होतात. त्यांच्यासाठी सिनेमा तो, पाहुण्याच्या मानेवर दिसणारा.

एकदा मी न राहवून म्हटलं, “अहो, ती मुलगी आंधळी नसतेच मुळी. नाटक करत असते. पुढे कळतं.”

साडू गंभीर झाले. “म्हणजे तिला ढोल दिसत होते?”

“हो.”

“मग त्यात काय विशेष!” असं म्हणून त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावला, या वेळी स्वतः डोळे मिटून. ती फसवतेय हे आवाजावरून ओळखू येतं का, ते बघायला.

दोन बहिणी स्वयंपाकघरात बोलत बसल्या की बाहेरच्या खोलीत दोन साडूंनी करायचं काय, याची आपल्याकडे काही सोय लावून ठेवलेली नाही. कोणाचे साडू शेअर बाजार सांगतात, कोणाचे पाठदुखी. माझ्या वाट्याला आवाज आला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीत त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. मला वाटलं, सासऱ्यांच्या स्वभावाबद्दल दोन युक्तीच्या गोष्टी सांगतील. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे टेप स्टीरिओ आहे की मोनो?”

या सगळ्याचं मूळ मुंबईला मिनर्व्हा थिएटरात आहे. तिथे ‘शोले’ पाच वर्षं चालला. त्यात कधीतरी त्यांच्या गिरगावच्या मामांनी या दहा वर्षांच्या भाच्याला नेलं. ७० मिलिमीटरची प्रिंट, पट्टीवर चुंबकीय आवाजाचे सहा ट्रॅक. पडद्यावर नाणं उडालं आणि ते खाली पडल्याचा आवाज आला तो थेट खुर्चीखालून. साडू वाकून बघायला लागले. त्या काळी अर्धं थिएटर वाकलं होतं असं सगळेच सांगतात, पण बाकीचे पुन्हा ताठ बसले आणि उरलेला सिनेमा बघू लागले. आमचे साडू अजून वाकलेलेच आहेत.

पहिला प्रयोग त्यांनी नव्वदच्या दशकात केला. तपकीर गल्लीतून एक जुना स्पीकर आणला, अण्णांच्या म्हणजे त्यांच्या वडिलांच्या आरामखुर्चीमागे खिळ्याला टांगला आणि त्याची एक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या ‘प्लस’ला, दुसरी उजव्या ‘प्लस’ला जोडली. ‘मायनस’ला काहीच नाही. डेव्हिड हॅफलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते, आणि ती करायला दोन हात वायर सोडून काही खर्च येत नाही. या तिसऱ्या स्पीकरला मिळते ती डाव्या-उजव्यातली वजाबाकी. दोन्हीकडे जे सारखंच आहे ते कटतं, फरक तेवढा उरतो.

अण्णांची एक आवडती स्टीरिओ कॅसेट लावून साडूंनी पुढचे दोन्ही स्पीकर अगदी बारीक केले. आता गाणारी बाई रेकॉर्डिंगमध्ये मधोमध उभी असते, म्हणजे दोन्ही ट्रॅकवर सारखीच असते. खुर्चीमागून व्हायोलिनं आली, कुठूनतरी घुंगरू आले, बाईंच्या आवाजाची स्टुडिओत घुमलेली सावली आली. बाई मात्र आल्या नाहीत.

“बाई कुठे गेली रे?” अण्णांनी विचारलं.

“बाई वजा झाली, अण्णा.”

अण्णांनी चिरंजीवांकडे असं काही पाहिलं, की तो स्पीकर त्या रात्री माळ्यावर गेला. पण साडूंना जे कळायचं ते कळलं होतं. दोन ट्रॅकच्या पोटात दोनाहून जास्त आवाज दडवता येतात.

आणि सिनेमावाल्यांनी ते केलंही होतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या कडेला आवाजासाठी जागा किती, तर दोन बारीक ट्रॅक मावतील एवढी. आवाज हवे चार : डावा, उजवा, संवादांसाठी मधला आणि प्रेक्षकांच्या मागचा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मुळे ज्या ‘डॉल्बी स्टीरिओ’चा जगभर बोलबाला झाला, त्यात हीच युक्ती होती. मधला आवाज दोन्ही ट्रॅकवर सारखाच घालायचा. मागचाही दोन्हीवर घालायचा, पण एकीकडे सुलटा आणि दुसरीकडे उलटा. मग ऐकणाऱ्याच्या बाजूला दोन्ही ट्रॅकची बेरीज केली की मधला उभा राहतो आणि मागचा कटतो. वजाबाकी केली की मधला कटतो आणि मागचा निघतो. साडू हे बोटांवर सांगतात. “बेरीज केली की संवाद, वजाबाकी केली की पाऊस!”

साडूंच्या बोलण्यात इथे हमखास एसटी येते. “दोन तिकिटांवर चार माणसं पाठवायची. चढवायला अक्कल लागत नाही हो. स्वारगेटला उतरवताना ज्याला त्याला आपापल्या पिशवीसकट वेगळं काढायचं, ती खरी विद्या.”

नुसत्या बेरीज-वजाबाकीने ती विद्या पुरी होत नाही, हे त्यांना पुढच्याच वर्षी कळलं. माळ्यावरचा स्पीकर परत उतरला होता (अण्णा गावी गेले होते) आणि एका इंग्रजी सिनेमात डाव्या बाजूने येणारी मोटार डावीकडूनही ऐकू येत होती आणि पाठीमागूनही. साध्या डिकोडरमध्ये शेजारशेजारच्या चॅनलांत फरक पडतो तो जेमतेम ३ डेसिबलचा. म्हणजे डाव्याचं गळून मधल्यात, डाव्याचंच गळून मागच्यात. यावर १९८७ सालीच घरगुती यंत्रांसाठी ‘प्रो लॉजिक’ आलं होतं. ते प्रत्येक क्षणाला बघतं की आत्ता जोर कोणत्या दिशेला आहे, आणि त्या आवाजाची इतर स्पीकरांत झालेली गळती तिथल्या तिथे कापतं. शिवाय मागचा आवाज २० मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा सोडतं. का, तर आपला मेंदू पहिल्यांदा जिथून ऐकेल तीच आवाजाची जागा समजतो. संवादाचा थोडा अंश मागून आलाच, तरी तो उशिरा येतो आणि कानाला वाटतं, माणूस पडद्यावरच बोलतोय. “मेंदूलाही फसवून शिस्त लावावी लागते,” असं साडू म्हणतात, तेव्हा त्यांचा गळा भरून आलेला असतो. मुलीच्या पाठवणीला तो इतका भरून आला नव्हता. मी तिथे हजर होतो.

प्रो लॉजिकचा रिसीव्हर त्यांनी एका परदेशाहून परतणाऱ्या सहकाऱ्याकडून मिळवला. त्या दिवशी झालेला खरा फायदा ताईंना झाला. ताई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी, एका कडेला. तिथे बसून त्या भाजी निवडत टीव्ही बघायच्या. दोनच स्पीकर असले की मधला आवाज मधोमध बसणाऱ्यालाच मध्ये ऐकू येतो. कडेला बसणाऱ्याला तो जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. त्यामुळे इतकी वर्षं ताईंसाठी नायक, नायिका आणि बातम्या देणारी बाई हे सगळेच उजव्या कोपऱ्यातल्या फुलदाणीतून बोलत आले होते. आता टीव्हीखाली तिसरा स्पीकर आला, संवाद त्यात गेले आणि माणसं आपापल्या तोंडाने बोलायला लागली. ताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “हे बरं केलंत.”

त्या वाक्याची तारीख वहीत आहे.

अण्णांचं प्रकरण एवढं सोपं नव्हतं. पाच पेट्या घरात आल्यावर त्यांनी पहिली फर्माईश केली ती नारायणरावांची. नारायणराव म्हणजे बालगंधर्व. अण्णांच्या पिढीला आडनाव लागत नसे. जुन्या तबकड्यांवरून कॅसेटवर घेतलेली पदं लागली आणि पाचांपैकी एकटी मधली पेटी गाऊ लागली. डावी-उजवी गप्प. मागच्या दोन्हींतून नुसती टेपची बारीक सूं.

“एवढ्या पाच पेट्या आणल्यास आणि नारायणराव एकट्या मधल्या डब्यातून?”

“अण्णा, तेव्हा मोनो होतं. दोन्ही बाजू अगदी सारख्या. त्यामुळे सगळं मध्ये येतं आणि वजाबाकी शून्य.”

“म्हणजे शून्यासाठी दोन डबे माझ्या डोक्यावर टांगलेस!”

डिकोडर त्या दिवशी अगदी बरोबर वागला होता. जे मुळात एकच होतं त्याचे त्याने पाच केले नाहीत. हल्ली बाजारात असल्या जुन्या गाण्यांना ओढूनताणून चहूकडे पसरवणारी बटणं मिळतात, ‘हॉल’ म्हणे, ‘स्टेडियम’ म्हणे. साडू त्या बटणांना हात लावत नाहीत, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने कोर्टात उभा राहायला तयार आहे. बालगंधर्वांना स्टेडियममध्ये गायला लावणाऱ्याला अण्णांनी जिवंत सोडलं नसतं.

त्या काळातल्या व्हिडिओ कॅसेटींची एक वेगळीच तऱ्हा होती. कॅसेट झिजली, हेड तसूभर कललं, की दोन ट्रॅकची वेळ केसाएवढी मागेपुढे होते. जाड आवाजांना त्याने फरक पडत नाही, पण बारीक, तीक्ष्ण आवाज एकमेकांना उलटे पडतात. डिकोडरला वाटतं, उलटा आहे म्हणजे हा मागचाच. परिणामी त्यांच्याकडच्या एका कौटुंबिक सिनेमात कोणी ‘सासूबाई’ म्हटलं की स्वर समोरून यायचे आणि दोन्ही ‘स’ पाठीमागच्या भिंतीतून सळसळायचे. साडूंनी दोन रविवार हेड साफ केलं. ताईंना त्यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्या अनुभवाशी ते जुळतच होतं.

पुढे डीव्हीडी आली आणि तिकिटांची अडचण संपली. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून थिएटरात आलेलं ‘डॉल्बी डिजिटल’ आता घरात आलं. प्रत्येक चॅनल स्वतंत्र : समोर तीन, मागे दोन आणि फक्त खर्जासाठी एक. त्या शेवटच्याला १२० हर्ट्झपर्यंतच मुभा, बाकीचे पूर्ण पल्ल्याचे, म्हणून तो अख्खा एक धरायचा नाही, ‘पॉइंट वन’ धरायचा. हे सगळं डीव्हीडीवर बसवलेलं असतं सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिटांत. साध्या दोन चॅनलच्या सीडीला त्याच्या तिप्पट लागतात. मोठ्या आवाजाच्या आडोशाला जे कानाला ऐकूच येणार नाही, ते आधीच वगळून टाकलेलं असतं. साडूंनी ‘डॉल्बी’ आणल्याची बातमी सोसायटीत पसरली तेव्हा सेक्रेटरी घाईघाईने वर आले आणि ट्रॅक्टर कुठे उभा करणार आहात, असं विचारून गेले.

वास्तविक साडू आवाज मोठा लावतच नाहीत. त्यांना आवाज जागेवर हवा असतो, मोठा नव्हे. दिवाणखान्यात फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. समोरचे स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे ११० अंशांवर. हे कोन त्यांनी मुलीच्या शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने आणि सुतळीने आखले. मधोमध सोफ्यावर एकच जागा खरी; बाकीच्या जागा लोकांनी बसायच्या. नवीन पाहुणा आला की साडू त्याला खांद्याला धरून तिथे बसवतात, त्याची हनुवटी किंचित वर करतात आणि “आता हलू नका” म्हणून जातात. चहा आला तरी माणूस हलत नाही. दोघातिघांच्या अंगावर सांडला आहे.

पण सगळ्यात अवघड काम त्या पॉइंट वनचं, म्हणजे सबवूफरचं. खर्जाची लाट फार लांब असते, ४० हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर. आपली खोली तिच्यापेक्षा लहान. ती भिंतींवर आपटून परतते, आणि खोलीत एका जागी धडधडाट तर दोन पावलांवर काहीच नाही, असं होतं. सबवूफर कुठे ठेवायचा हे शोधण्याची जी रीत आहे ती कोणाही कुटुंबवत्सल माणसाने चारचौघांत करण्यासारखी नाही. सबवूफर सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा. मग खर्जाचं संगीत लावून आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं, कान जमिनीलगत ठेवून. जिथे खर्ज सगळ्यात स्वच्छ लागेल तिथे खूण करायची. मग अदलाबदल : सबवूफर खुणेवर, आपण सोफ्यावर.

त्यांच्या मुलीला बघायला यायची मंडळी पाचला येणार होती. ती साडेचारला आली. दार मुलीच्या धाकट्या भावाने उघडलं. आत सोफ्यावर मधोमध एक मोठी काळी पेटी बसलेली, घुमत होती. आणि होणारे व्याही पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यावर शोकेसच्या बुडाशी कान लावून दोन्ही हात-गुडघ्यांवर, तोंडात खडू. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “काही हरवलंय का?”

साडू वर न बघता म्हणाले, “चाळीस.”

“चाळीस काय? रुपये?”

“हर्ट्झ.”

मुलाचे वडील तसे भले गृहस्थ. त्यांनी चपला काढल्या आणि शोधायला मदत करावी म्हणून तेही वाकले. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा दोन्हीकडचे कुटुंबप्रमुख फरशीवर होते. ते लग्न जमलं. पण आजही व्याही घरी आले की आधी सोफ्याकडे बघून, तो रिकामा असल्याची खात्री करून घेतात.

नवीन रिसीव्हर आल्यावर रांगणं संपलं, असं आम्हाला वाटलं. त्याच्याबरोबर एक छोटा माइक येतो. तो आपल्या कानांच्या उंचीवर ठेवायचा, मग यंत्र एकेका स्पीकरमधून ‘टुऽऽप’ असा आवाज सोडतं आणि परत आलेला ऐकून प्रत्येकाचं अंतर, पातळी, उशीर आपलं आपण ठरवतं. अट एकच, त्या वेळी घरात शांतता हवी. साडूंनी पंखे बंद केले, फ्रिजचं बटण काढलं, घड्याळ गादीत गुंडाळलं. आम्ही सगळे भिंतीला टेकून श्वास धरून उभे. डावा झाला, मधला झाला, उजवा झाला. मागच्या उजव्याच्या वेळी कुकरची शिट्टी झाली. यंत्राने सगळं मोजमाप रद्द केलं. दुसऱ्यांदा गॅस बंद होता, पण खालून भंगारवाला गेला. तिसऱ्यांदा सगळं पार पडत आलं होतं, तेवढ्यात साडूंनाच शिंक आली. ती मात्र मोजमापात धरली गेली असावी, कारण मागचा डावा स्पीकर तेव्हापासून जरा नाकातच बोलतो, असं ताई म्हणतात.

मला या माणसाची कीव येते ती निराळ्याच कारणाने. आवाज नीट लागला की तो लक्षात येत नाही, आपण सिनेमात शिरतो; या सगळ्या खटाटोपाचा हेतूच तो. आणि साडूंना तर आवाज लक्षात यायला हवा! यंत्र जितकं सुधारतं तितकं त्यांच्या हातचं काम कमी होतं. सगळं जुळलेल्या रात्री ते सोफ्यावर नुसते बसून राहतात, आणि थोड्या वेळाने उठून काहीतरी उसवतात.

मग लोकांची घरं सापडतात. साडू कोणाकडे गेले की आधी रिमोट हातात घेतात. निम्म्या घरांत पाच स्पीकर लावलेले असतात आणि सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्टीरिओ’वर ठेवलेला असतो. म्हणजे डिकोडरकडे उलगडायला काही पोचतच नाही, आणि पाच स्पीकरांचे हप्ते भरणारा माणूस दोनच ऐकत असतो. साडू तिथे ‘बिटस्ट्रीम’ निवडतात, यजमानांकडे बघतात आणि काही न बोलता चहा घेतात. एका बारशाला त्यांनी हे पाळण्याच्या दोऱ्या हातात घेतलेल्या बायकांना थांबवून केलं होतं.

माझ्या आईची तक्रार अशी, की मालिकेतली माणसं पुटपुटतात आणि मध्येच ढोल वाजले की दचकायला होतं. आम्ही तिचं वय काढून मोकळे झालो होतो. साडूंनी तिच्या खुर्चीत बसून पाच मिनिटं ऐकलं. मधल्या चॅनलची पातळी तेवढी ३ डेसिबलने वर घेतली आणि मोठा-लहान आवाज यांतलं अंतर कमी करणारी रात्रीची सोय असते, ती चालू केली. संवाद मधल्या चॅनलवरच असतात, त्यामुळे ढोल होते तिथेच राहिले आणि माणसं बोलायला लागली. आई आता त्यांना ‘जावईबापू’ म्हणते. मी तिचा सख्खा मुलगा, मला ती अजून ‘अरे, जरा मोठ्याने बोल’ म्हणते. मला चॅनल नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र या कसबी कानांची मर्यादा नेमकी आखलेली आहे. स्वयंपाकघराचं दार सोफ्यापासून उजवीकडे, बरोबर ११० अंशांवर येतं. ताईंनी तिथून “अहो, ऐकलंत का?” म्हटलं, की साडू समाधानाने मान डोलावतात आणि मला हळूच म्हणतात, “उजवा सराउंड. काय स्वच्छ लागलाय!”

आता ‘अ‍ॅटमॉस’. २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या सिनेमापासून ते सुरू झालं आणि त्यात चॅनलच्या जोडीला आवाजाच्या ‘वस्तू’ आल्या. हेलिकॉप्टर कोणत्या स्पीकरमधून वाजवायचं हे लिहिलेलं नसतं, ते या क्षणी खोलीत कुठे आहे एवढंच लिहिलेलं असतं. थिएटरात असे १२८ पर्यंत ट्रॅक. घरातला डिकोडर आपल्याकडे स्पीकर किती आणि कुठे आहेत ते बघून तिथल्या तिथे वाटणी करतो. आणि आवाजाला उंची आली. पाऊस आता चारी बाजूंनी नव्हे, वरून.

वरून म्हणजे छताला स्पीकर. छताला भोकं. ताईंनी साफ नकार दिला. तेव्हा साडूंनी आवाज छताकडे फेकून तिथून परतवणारे तिरपे स्पीकर आणले. त्यांना सपाट छत लागतं, म्हणून मुलीच्या लग्नात हौसेने केलेली पीओपीची नक्षी उतरवली. मध्ये पंखा येत होता, तो काढला. भर मे महिन्यात आम्ही घाम पुसत ‘ग्रॅव्हिटी’तला अंतराळ ऐकला.

जूनमध्ये मला फोन. “या. ताबडतोब. पाऊस लागला.”

मी गेलो. साडूंनी मला मधल्या जागेवर बसवलं, हनुवटी वर केली. सिनेमातला पाऊस सुरू झाला आणि खरंच, छतावर थेंब पडत होते. सगळे मिळून एक पडदा, आणि त्यातून एक थेंब अगदी वेगळा, टप्पोरा, अंतर राखून. टप. टप. साडूंनी माझा हात धरला. “ही उंची! हा एकच थेंब बघा कसा सुटा काढलाय!” त्यांनी सिनेमा थांबवला. पाऊस थांबला. टप. टप.

ताई आतून बादली घेऊन आल्या.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती होती. वरचे गृहस्थ ओशाळून दुसऱ्याच दिवशी प्लंबरला घेऊन आले. साडू दारातच म्हणाले, “दोन मिनिटं बसा, मग काय तोडायचं ते तोडा.” गृहस्थ कडेच्या खुर्चीवर टेकले. प्लंबरला मधल्या जागेवर बसवलं, हनुवटी वर केली, तीस सेकंद पाऊस लावला. प्लंबर तोंडातली काडी फिरवत ऐकत होता.

“कसं वाटलं?”

“साहेब, ठिपका इथं पडतोय, पण पाणी तिकडून येतंय.” त्याने न बघता डाव्या हाताने मागे बोट दाखवलं. “डाव्या कोपऱ्यातून सरकत येतंय, एल्बो सुटलाय. आणि तो तुमचा मागचा डावा डबा हाय का, त्याची वायर उलटी जोडलीय बघा. नाकात बोलतोय.”

साडू उठले, स्पीकर भिंतीवरून उतरवला आणि मागे बघितलं. लाल वायर काळ्यात होती. वरचे गृहस्थ घड्याळ बघायला लागले.

साडूंनी वही काढली. “रविवारी मोकळे आहात का?” त्यांनी प्लंबरला विचारलं. “सबवूफरचं जरा बघायचं होतं.”